मोजणाऱ्या कानाची किंमत

बिदरी काम करणारे कारागीर किल्ल्यातील माती जिभेवर ठेवून तिची पारख करतात, ही गोष्ट बिदरला येणाऱ्या पाहुण्याला हमखास ऐकविली जाते. पाहुणा थक्क होतो, आणि तसे व्हावे असेच ते कसब आहे. मात्र जिभेची पारख कारागिराबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते. ती कागदावर उतरवून दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. बिदरजवळच्या आमच्या कमठाण्यात ध्वनिक्षेपकांची पारख अजून याच जातीची आहे. मंडपवाला नवी पेटी जोडून झाली की ओळखीचे एखादे गाणे लावतो, मान तिरकी करतो आणि ‘खर्ज दबलाय’ किंवा ‘आवाज टोचतोय’ असा निकाल देतो. हा निकाल बहुधा बरोबर असतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

अडचण येते ती वाद उद्भवल्यावर. आमच्या सीमाभागात हरिनाम सप्ताहातील कीर्तन, कन्नड वचनगायन आणि उरुसातील कव्वाली पुष्कळदा त्याच पेट्यांतून ऐकू येतात. एका सप्ताहात मागच्या ओळीतील मंडळींनी तक्रार केली की आवाज मोठा आहे, पण बुवांचे शब्द कळत नाहीत. मंडपवाल्याने दोष माइकला दिला, माइकवाल्याने मंडपाच्या कापडाला, आणि बुवांनी (हे त्यांच्या माघारी सांगतो) श्रोत्यांच्या वयाला. प्रत्येकाचा कान साक्षीला हजर होता, आणि प्रत्येक कान कोणत्या ना कोणत्या पक्षाचा होता. अशा वेळी कोणाच्याही बाजूचा नसलेला कान हवासा वाटतो. असा कान विकत मिळतो का, मिळत असल्यास किती रुपयांना, आणि त्या रुपयांत आपण नेमके काय विकत घेतो, या प्रश्नांनी आम्हाला ध्वनिमापनाच्या इतिहासाकडे नेले.

त्या इतिहासाच्या आरंभी मायक्रोफोन नाही. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नाही, ही तक्रार 1895 साली वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे सोपविण्यात आली. आमच्या सप्ताहाचीच तक्रार ती. सॅबाइनने ऑर्गनची एक नळी, काळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान एवढ्या सामग्रीवर रात्री-अपरात्री काम केले. नळी बंद केल्यावर घुमारा किती सेकंदांत विरतो, हे तो मोजत असे. शेजारच्या सभागृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडाव्यात आणि पुन्हा मोजावे, असा त्याचा क्रम होता. प्रतिध्वनिकालाचे सूत्र यातून निघाले. आपल्याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तबला-मृदंगाच्या पडद्यावर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्या पाहिल्या आणि शाईमुळे चर्मवाद्याला सुरेल उपस्वर कसे लाभतात ते दाखवून दिले. त्यांचा पहिला लेख 1920 चा, विस्तृत निबंध 1934 चा. विजापूरच्या गोलघुमटातील कुजबुजीचा विचारही त्यांनी 1922 साली केला होता. तेव्हा उपकरण नसले तर मापन अडतेच, असे नाही. प्रश्न नेमका विचारला असेल तर घड्याळ आणि वाळूही पुरतात.

ध्वनिक्षेपकाला मात्र वाळू पुरत नाही. त्याच्याविषयीचा मुख्य प्रश्न असा असतो की, खर्जापासून टिपेपर्यंत प्रत्येक स्वर तो सारख्या बळाने देतो की काही स्वर गिळतो आणि काही फुगवतो? याचे उत्तर देणारा कान स्वतः सर्व स्वरांना सारखाच न्याय देणारा हवा. अमेरिकेतील ई. सी. वेंटे यांनी 1917 साली असा कान बनविला. धातूचा ताणलेला पातळ पडदा आणि त्याच्यामागे अगदी थोड्या अंतरावर एक स्थिर तबकडी, अशी त्याची रचना. पडदा हलला की दोहोंतील विद्युत्‌धारणा बदलते आणि तो बदल म्हणजेच ध्वनीची नोंद. वेंटे यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच या साधनाला ध्वनितीव्रतेच्या निरपेक्ष मापनाचे साधन म्हटले आहे. गायकासाठी म्हणून पुढे नावाजलेला कंडेन्सर मायक्रोफोन मुळात मोजणीसाठी जन्माला आला, ही गोष्ट आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. त्यानंतर आठ वर्षांनी, 1925 साली, राइस आणि केलॉग यांनी आजच्या जातीचा शंकूचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. म्हणजे आधी तराजू आला आणि माल नंतर.

पण तराजू सावकाराच्या घरी राहिला. असा मायक्रोफोन बनविणे हे घड्याळजीच्या तोडीचे काम होते, त्याला मोठा विद्युत्‌दाब लागे आणि दमट हवेत तो रुसून बसे. डेन्मार्कमध्ये 1942 साली ब्रुएल आणि केअर यांनी काढलेल्या कारखान्याचे मायक्रोफोन पुढे जगभर प्रमाण मानले गेले, परंतु ते प्रयोगशाळांना आणि बड्या कारखान्यांनाच परवडत. ध्वनिक्षेपक बनविणाऱ्यापाशीच त्याचा खरा आलेख असे. विकत घेणाऱ्याच्या वाट्याला जाहिरातीतील आलेख येई, आणि भाड्याने लावणाऱ्याच्या वाट्याला तोही नाही.

ज्याला हा आवाज निमूटपणे ऐकावा लागतो त्याची स्थिती याहून अवघड होती. न्यूयॉर्क शहराने 1929 साली गोंगाट निवारणासाठी आयोग नेमला, तेव्हा मोजणीची यंत्रे मोटारीत घालून रस्तोरस्ती फिरवावी लागली. सामान्य नागरिकाला ते शक्य नव्हते. मुंबईतील डॉ. यशवंत ओक यांनी 1985 साली ध्वनिप्रदूषणाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, त्या काळी तक्रारदाराजवळ आपली झोपमोड सांगण्यापलीकडे फारसे काही नसे. पुढे 2000 साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा ठरली आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना बंदी झाली. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालाने तिला बळ दिले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 मध्ये जो निकाल दिला, त्यात पोलिसांजवळ ध्वनिमापक असण्याचा प्रश्नही होता. मुंबईत सुमैरा अब्दुलअली यांनी तर गणेशोत्सवात मीटर हाती घेऊन आकडे जमा करण्याचा परिपाठच घातला. कायदा आकड्यांत बोलू लागला की आकडा ज्याच्या हाती त्याचे म्हणणे ऐकले जाते.

त्या आकड्यातही एक मेख आहे. कायद्याचा डेसिबल हा ‘ए’ भाराचा डेसिबल असतो. मंद आवाजात माणसाचा कान खर्जाला कमी दाद देतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखविले, आणि अशा वक्रांच्या आधारे मीटरमध्ये खर्ज वजा करण्याची सोय झाली. ही वजाबाकी 100 हर्ट्‌झला सुमारे 19 आणि 50 हर्ट्‌झला सुमारे 30 डेसिबल आहे. म्हणजे मैदानाच्या कडेला 50 हर्ट्‌झचा निव्वळ ठोका 100 डेसिबलने आदळत असेल, तरी मीटर 70 दाखवील, आणि सार्वजनिक जागेच्या सीमेवरील 75 ही मर्यादा मोडलीच नाही असे ठरेल. मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने थरथरतात, छातीत धडधडते आणि कागदावर सारे नियमात असते, याचे एक कारण हे आहे. एका आकड्याऐवजी सर्व स्वरांचा आलेख मांडला तरच तो ठोका दिसतो. ध्वनिक्षेपक मोजण्याची विद्या केवळ पेट्या बनविणाऱ्यांच्या कामाची नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

मायक्रोफोन स्वस्त झाला तो बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांच्या 1962 च्या कामामुळे. त्यांनी टेफ्लॉनच्या पातळ पडद्यात विद्युत्‌भार कायमचा मुरविला. बाहेरून मोठा दाब देण्याची गरज संपली आणि वेंटे यांचे नाजूक यंत्र बोटाच्या पेराहून लहान डबीत मावू लागले. या इलेक्ट्रेट डब्या टेलिफोनांत, टेपरेकॉर्डरांत, श्रवणयंत्रांत गेल्या. त्यांतील पॅनासॉनिकची सहा मिलिमीटर व्यासाची डब्ल्यूएम-61ए ही डबी हौशी मापकांत विशेष गाजली. एवढ्या लहान पडद्याला दिशेचा पक्षपात कमी असतो आणि त्याचा प्रतिसाद मुळातच बराच सपाट असतो. ध्वनिक्षेपकांचे थोर जाणकार झिगफ्रीड लिंकविट्‌झ (1935–2018) यांनी तिच्या जोडणीत किंचित बदल करून ती मोठा आवाजही न फाटता सोसेल, अशी युक्ती प्रसिद्ध केली. ती डबी आता निघत नाही. तिच्या नावाने बाजारात जे मिळते त्यात नकली माल पुष्कळ आहे, म्हणून जुन्या पुस्तकांतील हा सल्ला आज जसाच्या तसा पाळू नये.

दुसरी किल्ली गणिताने दिली. कूली आणि ट्यूकी यांनी 1965 साली मांडलेल्या रीतीमुळे कोणत्याही ध्वनीचे स्वरांत पृथक्करण झपाट्याने होऊ लागले. रिचर्ड हायसर यांनी 1967 साली सरकत्या स्वराने मोजण्याची पद्धत दिली, तर आंजेलो फारिना यांनी 2000 साली तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. खर्जातून टिपेकडे चढत जाणारी एक मींड ध्वनिक्षेपकातून वाजवायची, ती मायक्रोफोनने टिपायची आणि संगणकाने मूळ मींडेशी ताडून पाहायची. पेटीचा आलेख निघतोच, शिवाय तिने स्वतःच्या पदरचे जे सूर मिसळले असतील तेही वेगळे होऊन समोर येतात. मींड दुप्पट लांब केली की भोवतालच्या गोंगाटावर तीन डेसिबलची सरशी मिळते. एकेकाळी खोलीभर यंत्रे ज्यासाठी लागत, ते काम आज जॉन मल्काही यांची ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही विनामूल्य संगणकप्रणाली करते.

मग महाग उरले काय? तर भरवसा. इलेक्ट्रेटची प्रत्येक डबी थोडी वेगळी निघते. टिपेच्या बाजूला दोन-चार डेसिबलचा फरक सहज पडतो, आणि पेटीतील दोष शोधताना तेवढाच फरक आपल्याला हवा असतो. अशा वेळी आलेखातील उंचवटा पेटीचा की मायक्रोफोनचा, हे कोण सांगणार? आम्ही स्वतः या खड्ड्यात पडलो आहोत. पहिल्या खेपेला आम्ही स्वस्त म्हणून एक निनावी मायक्रोफोन घेतला आणि महिनाभर एका निर्दोष पेटीची टीप कमी करीत राहिलो. दोष मायक्रोफोनचा होता. यावर उपाय अंशशोधनाचा, म्हणजे प्रमाण मायक्रोफोनशेजारी ठेवून आपला किती चुकतो ते लिहून घेण्याचा. चुकणारा तराजूही चालतो, तो किती चुकतो ते ठाऊक असले म्हणजे झाले. आज मिनीडीएसपीच्या यूमिक-1 सारख्या, शंभर डॉलरच्या आसपासच्या मायक्रोफोनला त्याच्या स्वतःच्या क्रमांकाची चुकांची यादी मिळते. डेटन ऑडिओच्या ईएमएम-6 ची गोष्ट तीच. बेहरिंगरचा ईसीएम8000 स्वस्त आणि कामाचा असला तरी त्याच्यासोबत अशी स्वतंत्र यादी येत नाही. ती करून घ्यावी लागते, आणि तो खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही.

मायक्रोफोन आणि संगणक यांमधल्या दुव्याकडे आमच्या अनुभवाने लोकांचे सर्वांत कमी लक्ष जाते. यूमिकसारखा यूएसबी मायक्रोफोन सरळ संगणकात खोचता येतो. निव्वळ आलेख पाहायचा असेल तर तो पुरे. पण पेटीत खर्जाचा शंकू आणि टिपेचा भोंगा असे दोन वाजविणारे असतात. ते एकमेकांशी ताळात आहेत का, हे पाहायचे तर काळाचा पक्का संदर्भ लागतो. त्यासाठी दोन प्रवेशांचा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. फोकसराइट स्कारलेट हे त्यातले परिचित नाव. एका प्रवेशात मायक्रोफोन जोडावा आणि इंटरफेसमधून बाहेर पडणारा ध्वनिसंकेत दुसऱ्या प्रवेशात परत आणावा. ध्वनी केव्हा निघाला हे दुसरा सांगतो, केव्हा पोचला हे पहिला. टाळकऱ्याला मृदंग ऐकू आला पाहिजे, तसाच हा प्रकार. अशा इंटरफेसमध्ये मायक्रोफोनला लागणारा 48 व्होल्टचा दाब त्याच तारेतून देण्याची सोय हवी. हा 48 चा आकडा नॉर्वेच्या नभोवाणीकडून 1966 साली आला. तेथील स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी 48 व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून नॉयमान कंपनीने आपला मायक्रोफोन त्यावर चालेल असा केला, असे सांगतात. मोबाइलमधल्या माइकवर मात्र विसंबू नये. तो बोलणे स्पष्ट करण्यासाठी खर्ज कापतो, गोंगाट पुसतो, आवाज आपोआप वर-खाली करतो. माणसाच्या सोयीसाठी खोटे बोलायला त्याला शिकविलेले असते.

येथे दोन गरजांची गल्लत होऊ नये. पेटी बनविणाऱ्याला कोणता स्वर कोणत्यापेक्षा कमी, एवढेच पाहायचे असते. आलेख सगळाच्या सगळा तीन डेसिबलने वर सरकला तरी त्याचे काही बिघडत नाही. तक्रारदाराला आणि पोलिसाला मात्र तेच तीन डेसिबल निर्णायक ठरतात. त्यासाठी 1000 हर्ट्‌झला 94 डेसिबलचा नेमका स्वर देणारे अंशशोधक यंत्र लागते, प्रमाणित वर्गाचा मीटर लागतो आणि त्याचे मुदतीतील प्रमाणपत्र लागते. अंशशोधक पुष्कळदा मायक्रोफोनहून महाग पडतो. घरचा मायक्रोफोन आणि इंटरफेस यांवर काढलेला आकडा न्यायालयात टिकेल, या भ्रमात कोणी राहू नये. तरीही मीटरने लपविलेला खर्ज उघड करून दाखवायला तो आलेख उपयोगी पडतो.

एका गोष्टीत मात्र आमच्यासारखे खेडे शहराच्या वरचढ आहे. खोलीत पेटी आणि मायक्रोफोन 1.2 मीटर उंचीवर, एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर जमिनीवरून उसळून येणारा ध्वनी 1.6 मीटर जास्त चालून, म्हणजे साडेचार मिलिसेकंदांहून थोडा अधिक उशिरा पोचतो. त्यापुढची नोंद कापून टाकली तर सुमारे 215 हर्ट्‌झखालचे काहीच खात्रीने कळत नाही. खर्ज नेमका त्याच्या खाली असतो. बडे कारखाने यासाठी भिंतींना पाचरी बसविलेली निःशब्द खोली बांधतात. डी. बी. कील यांनी 1974 साली स्वस्त तोड काढली. खर्जापुरता मायक्रोफोन शंकूच्या अगदी तोंडाशी धरावा, म्हणजे खोली आड येत नाही. पंधरा इंची शंकूला ही रीत साधारण 300 हर्ट्‌झपर्यंत चालते. दुसरी तोड म्हणजे पेटी आणि मायक्रोफोन दोन्ही मोकळ्या मैदानात जमिनीवरच ठेवणे. मग जमिनीवरून उसळलेला ध्वनी उशिरा येतच नाही. तो मूळ ध्वनीत मिसळून सर्व स्वरांना सारखी सहा डेसिबलची भर घालतो, आणि ती वजा करता येते. मात्र मैदान सपाट आणि कठीण हवे, आणि पंधरा मीटरपर्यंत भिंत नको.

आमच्याकडे अशा जागेला खळे म्हणतात.

सप्ताह संपल्यावर त्या मंडपवाल्याची पेटी आम्ही खळ्यावर नेली. सुगी उरकून खळे रिकामे होते. वारा पडलेला असतो म्हणून वेळ उजाडण्यापूर्वीची धरली. मातीच्या बारीक खडबडीने टिपेचे स्वर विस्कटतात, म्हणून मायक्रोफोनखाली घरची शहाबादी फरशी अंथरली आणि मायक्रोफोन तिच्यावर आडवा टेकवला. पेटी दोन मीटरवर, किंचित त्याच्याकडे झुकवून. लांब मींड चार वेळा वाजविली. पहिल्या खेपेला मधेच कुत्रे भुंकले, ती नोंद टाकून दिली. उरलेल्या तिन्ही आलेखांत खर्ज ठीक होता, टीप ठीक होती आणि 2000 हर्ट्‌झच्या अलीकडे-पलीकडे खोल घळ पडली होती. शंकू सोडतो आणि भोंगा धरतो ती ही जागा. व्यंजनांचा कडकपणा पुष्कळसा याच टापूत असतो, म्हणून बुवांचा आवाज ऐकू येई आणि शब्द हरवत. दुसऱ्या प्रवेशातील संदर्भाशी ताडून पाहिले तेव्हा, शंकू पुढे येतो त्या क्षणी भोंगा मागे जातो आणि दोघे एकमेकांना खोडतात, हे दिसले.

मंडपवाल्याने आलेखाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता पेटीची पाठ उघडून भोंग्याच्या दोन तारांची अदलाबदल केली. पुन्हा मींड वाजविली. घळ बरीचशी भरली होती. त्याने संगणक बाजूला सारला, नेहमीचे गाणे लावले आणि मान तिरकी करून ऐकू लागला.